चढवतं, पण उतरवत नाही

हर्नियापासून गुडघेबदलापर्यंत कुठलंही मोठं ऑपरेशन ठरलं, की भूल देणारे डॉक्टर आधी पेशंटची गाठ घेतात. रक्तदाब, साखर, चालू गोळ्या, दातांची कवळी, सगळं विचारून होतं आणि मग एक प्रश्न येतो : न थांबता दोन जिने चढता का? दम लागतो का? प्रश्न गप्पांमधला वाटतो, पण त्यामागे पक्का हिशेब आहे. स्वस्थ बसलेलं शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्याच्या साधारण चौपट प्राणवायू दोन जिने चढताना लागतो. तेवढा पुरवठा करणारं हृदय आणि फुप्फुसं शस्त्रक्रियेचा ताणही बहुधा पेलतात. म्हणजे आपल्याच इमारतीच्या जिन्याने रोज आपली ताकद मोजून ठेवलेली असते. डॉक्टर ते माप विचारून घेतात, इतकंच.

उतरण्याबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतींमधल्या वयस्कर मंडळींशी बोलत गेले, तेव्हा एकच वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकलं. ‘चढवतं हो अजून, पण उतरवत नाही.’ बाजारातून तिसऱ्या मजल्यावर परत येणं जमतं, टप्प्याटप्प्यावर थांबत, कठड्याला धरत. पण सकाळी घरातून निघताना जिन्याच्या तोंडाशी उभं राहिलं की पाय पुढे टाकवत नाही. तरुण माणसाला हे उलटं वाटेल. खाली जायला कसले कष्ट?

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर ढकलतो. उतरताना त्याच स्नायूला लांब होत जाता जाता सगळं वजन तोलून धरायचं असतं; घाट उतरताना गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवून राहावं लागतं, तसं. दम लागत नाही म्हणून हे काम हलकं वाटतं. पण कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून जी मोजमापं झाली आहेत, त्यांत चढताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून थोडा जास्त भार पडतो आणि उतरताना त्याहूनही अधिक. साठ किलो वजनाच्या बाईच्या एका गुडघ्यावर, पायरीगणिक, दोनशे किलोच्या आसपास.

त्यात डोळ्यांची भर. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो आणि पायरीकडे बघताना नजर नेमकी त्यातूनच जाते, त्यामुळे पायरीची कड धूसर होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने निऱ्या उचललेल्या. मग कठडा धरायचा कशाने? चढताना तोल गेला तर पुढच्या पायरीवर हात तरी टेकतो. उतरताना गेला, तर समोर अख्खा जिना मोकळा असतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट जो पहिला नियम पाठ करून घेतात, तो याच हिशेबावर उभा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कारण दोन्ही वेळा भार सोसतो तो वरच्या पायरीवरचा पाय.

इथवर शरीराचं झालं, आणि आपल्याकडची चर्चा इथेच थांबते. जिना चढता येत नाही म्हणजे वय झालं, वजन वाढलं, व्यायाम नाही, गुडघे गेले. दोष नेहमी माणसाचा. जिना कसा आहे, याची कुणी चौकशी करत नाही. मला मांडायचं आहे ते हे, की चढण्या-उतरण्याची शक्ती निम्मी अंगात असते आणि निम्मी जिन्यात. जिना बदलला की तोच माणूस, त्याच गुडघ्यांनिशी, अधिक सक्षम किंवा अधिक अधू होतो.

सतराव्या शतकात फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाने जिन्याचं एक सूत्र मांडलं. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी. आजच्या मापात ही बेरीज साठ ते पासष्ट सेंटिमीटर धरतात. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या इमारतीसाठी पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी २५ पेक्षा कमी नको असं म्हटलं आहे, बेरीज ६३. शाळा, सभागृहं अशा वास्तूंसाठी उंची १५ आणि रुंदी ३०, बेरीज ६०. दोन्ही जिने सूत्रात बसतात, पण दुखऱ्या गुडघ्याला विचारा. नऊ मीटर चढायचे तर पहिल्या जिन्यात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस पायऱ्या लागतील, दुसऱ्यात साठ. पायऱ्या वाढल्या तरी प्रत्येक पायरीला गुडघा कमी वाकतो, कमी उचलावं लागतं. उंचीतल्या त्या चार सेंटिमीटरांवर कितीतरी म्हाताऱ्यांचं घराबाहेर पडणं अवलंबून असतं.

आपल्या जुन्या घरांना हे सूत्र लावू गेलं तर काही वेगळंच दिसतं. पुण्याच्या वाड्यांत जिना जाड भिंतीच्या पोटात काढलेला असे : अरुंद, अंधारा, उंच पायऱ्यांचा, धरायला वरून सोडलेला दोर. घरातली म्हातारी माणसं खालच्या सोप्यात झोपत आणि वरचा मजला तरुणांचा होई. चाळींमधले लाकडी जिने मध्यभागी झिजून खोलगट झालेले असतात. तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचे पाय आपोआप कडेने पडतात. पाहुणा मात्र मधोमध पाय टाकतो आणि चुकतो.

सगळ्यांत कठीण जिना मुंबईच्या वस्त्यांमध्ये आहे. धारावीत, गोवंडीत खोलीवर खोली चढवलेली असते आणि वरच्या माळ्यावर जायला गल्लीतूनच एक लोखंडी शिडी भिंतीला टेकवलेली. तिला जिना म्हणणं कठीण. पायरी म्हणजे लोखंडाची पट्टी, टाच तिच्यावर कधी मावत नाही. पावसाळ्यात पट्टी ओली आणि गल्ली चिखलाची. या शिडीवरून पाण्याचे हंडे वर जातात, कडेवरची मुलं खाली येतात, गरोदर बायका नवव्या महिन्यापर्यंत चढ-उतर करतात. संडास सार्वजनिक आणि तो खाली. त्यामुळे रात्री शिडी उतरावी लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही, हा तिथल्या बायकांचा रोजचा नेम असतो. पाय मोडलेला किंवा अर्धांगवायू झालेला माणूस अशा माळ्यावर राहत असेल, तर त्याचं जग त्या खोलीएवढं होतं. शहराच्या आराखड्यांत रस्त्यांची रुंदी असते, चटईक्षेत्र असतं. ही शिडी कुठेच नसते. मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

बऱ्या जिन्यालाही बिघडवायला फार लागत नाही. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय उरलेल्या पायऱ्यांची उंची गृहीत धरतो, डोळे मग खाली बघत नाहीत. त्यामुळे एखादी पायरी सेंटिमीटरभर कमी-जास्त असली तरी ठेच लागते. सोसायटीने कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक टाकले की तळाची पायरी बुटकी होते. मजल्यावरची लादी बदलून नवी जुन्यावरच चढवली की शेवटची पायरी उंच होते. काम झकास दिसतं, फोटो निघतात, आणि महिन्याभरात कुणीतरी पडतं. पायऱ्यांना गुळगुळीत ग्रॅनाइट लावण्याची हौस तर कायद्याने बंद करावी अशी आहे. पावसाळ्यात ओल्या छत्र्यांचं पाणी टपकलं की त्या जिन्यावर अनवाणी माणूसही घसरतो.

जिना आणि आरोग्य यांचं नातं विज्ञानात रुजलं ते लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बसचालक आणि कंडक्टरांच्या हृदयविकाराची तुलना केली आणि १९५३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध केली. चालक पाळीभर बसून. कंडक्टर तिकिटं देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारे. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी उशिरा आणि कमी जीवघेणा. शारीरिक हालचाल हृदयाला तारते, या आज सर्वमान्य असलेल्या विचाराची सुरुवात इथली. पुढे याच मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापं तपासली, तर चालक नोकरीला लागतानाच कंबरेने जाड असल्याचं निघालं. म्हणजे फरक सगळाच जिन्यामुळे नव्हता. आपल्याच निष्कर्षाला अशी कात्री लावणारा संशोधक मला फार मोठा वाटतो. मुंबईच्या डबलडेकरना मात्र दोन कंडक्टर असत, एक खाली आणि एक वर, त्यामुळे लंडनचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

वजन उतरवायला जिने चढणाऱ्यांची निराशा होईल. साठ किलोचा माणूस तीन मजले चढला की पाच-सहा कॅलरी खर्च होतात, फार नाही. जिन्याचं देणं वेगळ्या ठिकाणी आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, साठीनंतर ही घट वेग घेते आणि ती सर्वांत आधी मांड्यांमध्ये जाणवते. खुर्चीतून हात न टेकता उठणं, भारतीय बैठकीच्या संडासात बसून उठणं, घसरता घसरता सावरणं, हे सगळं मांडीच्या बळावर चालतं. रोजच्या रोज आपलं वजन उचलून वर नेण्याचा जिन्याइतका स्वस्त आणि हाताशी असलेला सराव दुसरा नाही. ज्यांना चढवतं, त्यांनी लिफ्ट सोडून जिना धरावा, हे मी मनापासून सांगते.

पण हा सल्ला कुणाला द्यायचा, ते बघून द्यावा. गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचं वजन धरून एकूण तीस किलोच्या आसपास भरतं. ते खांद्यावर घेऊन दिवसभर मजले चढणाऱ्या माणसाला जिना हा व्यायाम नाही. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींनाही नाही. तरी ‘नोकरांनी व डिलिव्हरी बॉयनी लिफ्ट वापरू नये’ अशा पाट्या आपल्या शहरांत लागतात, आणि त्या लावणाऱ्या कमिटीतले लोक संध्याकाळी कंपाउंडमध्ये पावलं मोजत फेऱ्या मारतात. ज्यांचे गुडघे सर्वांत आधी झिजणार, त्यांच्याच वाट्याला जिना लावून द्यायचा, याला शिस्त म्हणू नये.

महाराष्ट्रात जिना देवाकडेही जातो. जेजुरीला नवरदेव नव्या नवरीला उचलून गडाच्या पायऱ्या चढतो. निदान पाच तरी. खंडोबापुढे जाण्याआधी अंगातल्या बळाची जाहीर चुणूक द्यायची ही रीत, हसण्या-चिडवण्यात पार पडणारी. पुण्याची पर्वती नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली देऊळ बांधून घेतलं तेव्हापासूनची. तिच्या १०३ पायऱ्यांवर पहाटे देवापेक्षा तब्येतीसाठी येणारेच जास्त. याच पर्वतीवर १९२९ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला होता. पायांत बळ असूनही वर मज्जाव असलेले लोक या पायऱ्यांनी पाहिले आहेत.

अष्टविनायकांतला गिरिजात्मज तेवढा डोंगरावर आहे, जुन्नरजवळ लेण्याद्रीला, बौद्ध लेण्यांच्या ओळीत. पायऱ्या तीनशेच्या आसपास. अष्टविनायकाच्या बसमधून उतरलेली मंडळी इथे दोन भागांत विभागली जातात. तरुण वर जातात. म्हातारी माणसं पायथ्याच्या सावलीत पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या राखत बसतात, वर बघून हात जोडतात. ‘आमचा खालूनच नमस्कार.’ सात गणपती मिळाले, आठवा दुरून. ज्यांना परवडतं ते डोली करतात. इथे, घारापुरीला, अजिंठ्याला माणसं माणसांना खांद्यावर वाहून नेतात. डोलीवाल्याचं पोट त्यावर आहे, म्हणून कुणी डोली बंद करा म्हणत नाही. पण एकाचे गुडघे वाचवायला दुसऱ्याचे खर्ची पडतात, हे डोलीत बसणारालाही ठाऊक असतं, म्हणून तो सारखा ‘दमलात तर थांबा’ म्हणत राहतो.

रायगडावर १९९६ साली रोपवे झाला. सप्तशृंगीला पाचशेवर पायऱ्या होत्याच. २०१८पासून डोंगराच्या पोटाला रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली. कष्टाशिवाय दर्शन कसलं, पायी चढला नाही तो रायगड बघितला असं कसं म्हणायचं, अशी कुरकुर तेव्हापासून चालू आहे. मला ती पटत नाही. ज्याला चढायचं आहे त्याची पायवाट कुणी काढून घेतलेली नाही. गुडघे बदललेली आजी नातवाचा हात धरून महाराजांच्या समाधीपुढे उभी राहते, तेव्हा गडाचं मोल कणभरही कमी होत नाही.

देवाच्या आणि गडाच्या पायऱ्या माणूस हौसेने किंवा श्रद्धेने चढतो. सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढायला त्याला भाग पाडलं जातं. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. गुडघ्यांनी अडलेली म्हातारी माणसं त्या आकड्यात बहुतेक नाहीतच. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला त्याने नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती, ती २०२२मध्ये संपली. ऑक्टोबर २०२३मध्ये, दिव्यांगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना मुंबईत स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती आणि कार्यालयातलं कुणी खाली आलं नाही. त्यांनी हे जाहीरपणे मांडलं तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. ज्यांना समाजमाध्यमांवर कुणी ओळखत नाही, ते उचलून नेले जातात आणि मुकाट घरी येतात. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर बँकेत जातात. शाखा पहिल्या मजल्यावर असेल तर हयात असल्याचा पुरावा देण्यासाठी आधी जिना चढून दाखवावा लागतो. हा दाखला ऑनलाइन देण्याची सोय २०१४पासून आहे. पण ज्यांना जिना जड जातो, त्यांतल्या अनेकांना मोबाइलही जड जातो.

८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. सुगमतेचे नियम शिफारशींच्या स्वरूपात ठेवणं कायद्याला धरून नाही, सक्तीची किमान मानकं तीन महिन्यांत ठरवा, असं सांगितलं. शिफारशीचं काय होतं, ते कुठल्याही कार्यालयाच्या दाराशी दिसतं. रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या टाळायच्या, तर रॅम्प पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांब हवा. जागा नसते, इच्छा त्याहून नसते; मग दीड-दोन मीटरांत सिमेंटची घसरगुंडी ओतली जाते आणि अहवालात ‘रॅम्प : आहे’ अशी नोंद होते. त्यावरून व्हीलचेअर ढकलायला दोन धट्टेकट्टे लागतात आणि उतरताना ती धरून ठेवायला तेवढेच.

अरुंद जिना गर्दीत धडधाकटांनाही लुळं करतो. २९ सप्टेंबर २०१७ला, सकाळच्या पावसात, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. आज त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी आहे. तिथे चालत असलेले बहुतेक जण रोज कामावर जाणारे, जिना पळत चढणारे होते. त्यांच्या पायांत शक्ती होती. जिन्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती.

आता घराकडे. डोंबिवली, बोरिवली, ठाणे, कोथरूड; सत्तर-ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या तळ अधिक तीन मजल्यांच्या सोसायट्या. तेव्हा तिशीत असलेल्या जोडप्यांनी हौसेने वरचा मजला घेतला : वारा येतो, डास नाहीत, वर कुणाची धुपधुप नाही. ती जोडपी आता ऐंशीकडे झुकली आहेत आणि मुलं बंगळूरला नाहीतर बोस्टनला. भाजीसाठी दोरीला बांधलेली टोपली गॅलरीतून खाली सोडली जाते. औषधं फोनवर येतात. निवडणूक आयोगाने २०२४ला ८५ वर्षांपुढच्यांसाठी मतदानही घरी आणलं. सगळं जग वर येतं, हे मात्र खाली जात नाहीत. आणि न उतरण्याचा दंड वेगळा बसतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायूभाग घटला. पडल्यामुळे किंवा तापाने दोन आठवडे झोपून काढलेला माणूस उठतो तेव्हा जिना तोच असतो, पण पाय पहिले उरलेले नसतात. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये उंच मनोऱ्यांतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चार मजल्यांच्या जिन्यांवर शतक काढलेल्या वस्तीची मदार आता लिफ्टवर आहे, आणि लिफ्टची देखभाल, विजेचं बिल, जनरेटर यांचा भार मासिक वर्गणीतून उचलायचा आहे.

जुन्या सोसायटीत लिफ्ट बसवायचा विषय निघाला की वार्षिक सभा तापते. तळमजला म्हणतो, आम्ही का पैसे द्यायचे? तिसरा मजला म्हणतो, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला आम्ही म्हटलं होतं का? दोघांचंही खरं असतं आणि वर्षं जातात. लिफ्ट बसते तीही बऱ्याचदा इमारतीच्या बाहेरून, जिन्याच्या खिडकीला लागून, त्यामुळे ती मजल्यावर न थांबता दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते. पुढे आठ-दहा पायऱ्या उरतातच. व्हीलचेअरला ती लिफ्ट निरुपयोगी. दुखऱ्या गुडघ्याला मात्र पन्नासऐवजी दहाच पायऱ्या म्हणजे घराबाहेर पडण्याचा परवाना, म्हणून अशी अर्धवट लिफ्टही बसवावी, असंच मी म्हणेन.

लिफ्टचा निकाल लागेपर्यंत जिन्यासाठी करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला बिल्डर लागत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची खरखरीत पट्टी. प्रत्येक टप्प्यावर दिवा, तोही बटण न शोधता लागणारा. जिन्यातल्या कुंड्या, सायकली आणि चपलांचे स्टँड हलवणं. मधल्या एखाद्या टप्प्यावर भिंतीला घडी करून लावता येणारी बसण्याची फळी. आणि कठडा : मुठीत मावेल असा गोल, शेवटच्या पायरीच्या पुढे तीस सेंटिमीटर जाणारा, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूच्या कठड्याने काय होतं, ते अर्धांगवायूने उजवा हात गेलेल्या माणसाला विचारावं. चढताना डावीकडचा कठडा त्याच्या धड हाताला लागतो. उतरताना तोच कठडा लुळ्या हाताच्या बाजूला येतो आणि धड हातासमोर नुसती भिंत असते. त्या भिंतीला पाइप ठोकायचं काम एका दिवसाचं आहे.